तान्ह्या बाळाला घेऊन थीम पार्कला कधी जावं? नागपूरच्या नव्या आईबाबांसाठी ऋतूंचा हिशेब

नागपूरच्या घरांत सहलीचा महिना बहुतेक वेळा तीन गोष्टींवरून ठरतो: थोरल्या मुलाची शाळा, ऑफिसची रजा आणि विमानाच्या तिकिटांवरची सवलत. तान्ह्या बाळाला यातलं काहीच बांधत नाही. त्याला ना परीक्षा, ना सुट्टी. पहिलंच मूल असेल तर जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी, पार्क निम्मं रिकामं असताना जाण्याची मोकळीक तुम्हाला आहे, आणि ती पुढे शाळा सुरू झाली की दहा-बारा वर्षं मिळणार नाही. म्हणून माझं सांगणं आहे की महिना बाळाच्या शरीरावरून ठरवा. बाकीची सोय त्यानंतर बघता येते. नागपूरहून जाण्याजोगी मोठी पार्कं दोन दिशांना आहेत, हैदराबादेत आणि मुंबई-पुण्याच्या मधल्या खोपोलीजवळ. पुढचा हिशेब मुख्यतः या दोन ठिकाणांचा आहे.

पहिलं काम: जानेवारीत बाळ किती महिन्यांचं असेल ते मोजा

हिशेब जानेवारीपासून का, ते पुढे येईलच. आधी वयाचं बघू.

सहा महिन्यांच्या आत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. खाण्यापिण्याच्या दृष्टीने हे वय सोपं वाटतं. पण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी याच काळात असतात, गर्दीतल्या सर्दी-खोकल्याला तोंड देण्याची ताकद कमी असते आणि या वयात सनस्क्रीनही लावत नाहीत. चार महिन्यांच्या बाळाला पार्कातलं काही कळणारही नाही. घाई करू नका.

सात ते दहा महिने हे वय मला सगळ्यात सोयीचं वाटतं. उष्टावण झालेलं असतं, मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व चालतं. बाळ बसतं, रंग आणि दिवे बघून खूश होतं, पण अजून हातातून निसटून पळत नाही. अकरा ते पंधरा महिन्यांत ते रांगतं, उभं राहतं, त्याला सारखं खाली जमिनीवर जायचं असतं, आणि पार्कातली जमीन म्हणजे हजारो लोकांची पादत्राणं. दीड वर्षानंतर मात्र मजा वाढते. घोड्यांच्या चकरीवर आईच्या मांडीवर बसून ते खिदळतं, बाहुल्यांच्या वेशातल्या माणसांना हात हलवतं.

मे-जूनमध्ये जन्मलेलं बाळ पहिल्याच जानेवारीत सात-आठ महिन्यांचं असतं, त्याला सरळ न्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं तेव्हा जेमतेम तीन-चार महिन्यांचं असतं. त्याची सहल पुढच्या हिवाळ्यावर ढकला. मधला उन्हाळा कसाबसा गाठायचा म्हणून मार्च-एप्रिलमध्ये निघू नका.

लसींची तारीखही याच वेळी बघा. नवव्या महिन्यात गोवरची लस असते. तिचा ताप आणि बारीक पुरळ लगेच येत नाही, आलाच तर साधारण आठवडा ते बारा दिवसांनी येतो. म्हणजे सोमवारी लस देऊन पुढच्या सोमवारी प्रवासाला निघालात तर ताप नेमका हॉटेलात चढायचा. या लसीनंतर दोन आठवडे मोकळे सोडा. सहा महिन्यांवरच्या बाळाला फ्लूची लसही देता येते. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने असतात, म्हणून डॉक्टरांशी बोलणं प्रवासाच्या निदान दोन महिने आधी व्हायला हवं.

दुसरं: आपलं ऊन आणि त्यांचं ऊन वेगळं

नागपूरकरांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "आम्ही पंचेचाळीस अंशांत राहतो, खोपोलीच्या पस्तिसाचं काय घेऊन बसलात?" मोठ्यांपुरतं हे थोडंफार चालेल. बाळाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे.

आपला उन्हाळा कोरडा. घाम आला की वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कोकणाच्या बाजूला हवा ओलसर, घाम अंगावर तसाच राहतो. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर गारेगार करणारा आपला कूलर जुलैत नुसती दमट हवा फेकतो, हे प्रत्येक नागपूरकर जाणतो. बाळाच्या अंगाचंही दमट हवेत तेच होतं. त्यात तान्ह्याची घाम गाळण्याची क्षमता मोठ्यांपेक्षा कमी आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता ते झपाट्याने ओढून घेतं. आणि त्याला "गरम होतंय" असं सांगता येत नाही, ते फक्त किरकिरतं. आपण समजतो झोप आली आहे.

म्हणून मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, शेजारी लिहिलेली आर्द्रताही बघा. तापमान तिशीच्या आत आणि हवा कोरडी असेल तर निश्चिंत जा. तेहतीस-चौतीस अंश आणि सत्तर टक्क्यांवर आर्द्रता असेल तर बाळासाठी तो दिवस घरातलाच.

ऊन लागण्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात, सोबत येणाऱ्या आजी-आजोबांनाही. लंगोट किंवा डायपर बराच वेळ कोरडा राहणं, रडताना डोळ्यांत पाणी नसणं, टाळू खोल गेल्यासारखी दिसणं, बाळ मलूल होऊन दूध न ओढणं. यातलं काही दिसलं तर पार्क सोडून आधी डॉक्टर गाठा. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची पद्धत आजी पाळतील तर पाळू द्या, पण तिच्या भरवशावर बाळाला उन्हात काढू नका. पन्हं प्यायचं ते आईने. अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसभर भरपूर पाणी प्यायलं पाहिजे, बाळाला मात्र ते मीठ-साखरेचं पन्हं देऊ नका.

तिसरं: महिने एकेक करून पाहू

एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सरळ खोडा. नवतपा २५ मेच्या सुमारास सुरू होतो, आणि त्या दिवसांत स्टेशनपर्यंतचा प्रवाससुद्धा बाळाला सोसत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत बसवण्याआधी दारं उघडून हवा खेळवावी लागते, सीटचा धातूचा हुक चटका देतो. शिवाय या काळात साऱ्या महाराष्ट्राला सुट्टी, त्यामुळे पार्कात रांगाच रांगा. मोठ्या मुलापायी मेमध्येच जावं लागणार असेल तर ठिकाण बदला. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे, तिथला उन्हाळा साधारण तेहतीस-चौतीस अंशांवर थांबतो. तिथे संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, तेव्हा सकाळचाच बेत ठेवा.

जूनचा दुसरा पंधरवडा ही विदर्भाची खास संधी आहे आणि फार थोडे लोक तिचा विचार करतात. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या शाळा तोवर भरलेल्या असतात, तेलंगणातल्याही. म्हणजे थोरल्याला सुट्टी आणि पार्कात गर्दी कमी. पावसाने हैदराबादचं ऊनही उतरलेलं असतं. फक्त हे हैदराबादपुरतंच. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वरच्या लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आपल्या जवळपास चौपट. अशा पावसात उघड्यावरच्या राइड थांबतात आणि ओलं बाळ, ओले कपडे, ओली प्रॅम घेऊन आडोसा शोधण्यात दिवस जातो. जुलै-ऑगस्टमध्ये खोपोली नकोच.

सप्टेंबर-ऑक्टोबर दिसायला सुंदर असतात, हिरवंगार सगळं. पण हैदराबादेत सप्टेंबरात चांगला पाऊस असतो, ऑक्टोबर हीटचा उकाडा असतो, आणि पावसाळा सरता सरता डेंग्यू वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका आपण पार्कात असतो तेव्हा. अगदी लहान बाळाला, दोन महिन्यांच्या आत तर मुळीच, डास पळवणारं मलम लावत नाहीत. प्रॅमवर जाळी हाच उपाय. त्यातून तेलंगणात बतुकम्मा-दसऱ्याच्या लांब सुट्ट्या असतात, आणि इकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्यामुळे दसऱ्याच्या आसपास नागपूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. हे दिवस टाळलेले बरे.

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा नोव्हेंबर आणि डिसेंबरचे पहिले दोन-अडीच आठवडे फार चांगले. हवा कोरडी होते, दुपार सुसह्य असते. एक लक्षात ठेवा: डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा मुंबई-नागपूर विमानं महागतात आणि शनिवार-रविवारच्या गाड्या भरून जातात. मधल्या वारी निघा. नाताळपासून नवीन वर्षाच्या दोन-तीन तारखेपर्यंत कोणत्याही पार्काच्या वाटेला जाऊ नका. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तीच, आणि गर्दीतली सर्दी बाळाच्या छातीत उतरते.

आता माझ्या मते सगळ्यात उत्तम काळ: संक्रांत आटोपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेलंगणात संक्रांतीला शाळांना सुट्टी असते आणि अख्खं हैदराबाद गावी निघतं, म्हणून संक्रांतीचा आठवडा सोडा. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या येत असतील तर तेवढे दिवसही सोडा. उरलेले वार तुमचे. दुपारी तीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे, आभाळ निरभ्र, डास कमी. घरात पहिलं बोरन्हाण असेल तर ते संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान होतं. आजीला तारीख विचारून मगच तिकिटं काढा, म्हणजे दोन्ही आनंद नीट होतील.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पहिला आठवडा हा दुसऱ्या क्रमांकाचा काळ. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे पार्कं ओस असतात. पण ऊन दर आठवड्याला चढत जातं, तेव्हा सकाळी आत आणि दुपारी एकला बाहेर असा शिस्तीचा दिवस हवा.

चौथं: हैदराबाद की खोपोली?

ज्या आईबाबांनी लहानपणी मुंबईचं एस्सेलवर्ल्ड पाहिलंय त्यांना तिथेच बाळाला न्यावंसं वाटतं, पण ते २०२२ मध्ये बंद झालं. नागपूरहून आता दोन दिशा उरतात.

पहिल्या सहलीसाठी मी हैदराबाद म्हणेन. रस्त्याने साधारण ५०० किलोमीटर, आणि सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे: पहाटे निघते, दुपारी पोचवते, डबा वातानुकूलित. हैदराबाद दख्खनच्या पठारावर आहे, हिवाळ्यात हवा कोरडी राहते. तिथलं वंडरला विमानतळाच्या बाजूला, रविर्यालला आहे. मुक्काम शमशाबादच्या आसपास केला तर शहराची वाहतूक टळते. वंडरलाचा निम्मा भाग पाण्याचा आहे. हिवाळ्यात बाळाला त्या पाण्यात उतरवू नका, ओलं अंग आणि वारा मिळून ते पटकन गार पडतं. कोरड्या भागातच रमा. रामोजी फिल्म सिटी तान्ह्यासाठी जास्त सोयीची, कारण फिरणं बरंचसं बसने होतं, बाग आणि रंगीत देखावे भरपूर, आणि आतच राहायची हॉटेलं आहेत, म्हणजे झोपेच्या वेळी खोलीवर परतता येतं. बर्फाच्या जागा, जिथे आत शून्याखाली तापमान असतं, तिथे तान्ह्याला नेऊच नका.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. बंद सभागृहातल्या राइड बऱ्याच आहेत आणि पार्काला लागून हॉटेल आहे, ही त्याची मोठी बाजू. पण नागपूरहून पल्ला लांब. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने कल्याणला उतरून पुढे टॅक्सी, किंवा मुंबई-पुण्यापर्यंत विमान. समृद्धी महामार्गाने मोटार काढण्याचा मोह आता होतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. बाळ असेल तर एका दमात नको. वाटेत शिर्डीला मुक्काम करा आणि दर दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून आडवं होऊ द्या.

परदेशाचा विचार असेल तर एवढंच: दुबई नोव्हेंबर ते मार्च, सिंगापूरला ऋतू असा नसतोच, वर्षभर दमट. दोन्हीकडे बंदिस्त जागा भरपूर आहेत, पण विमान बदलण्यात बाळाची दोन दिवसांची झोप जाते. दीड-दोन वर्षं होऊ द्या.

पाचवं: तिकीट काढताना

हिवाळ्यात उत्तर भारतात धुकं पडतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास रखडतात. तेलंगणा एक्सप्रेस, दक्षिण एक्सप्रेस नागपूरला येतात तेव्हा त्या धुक्यातूनच आलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत थंड फलाटावर बाळाला घेऊन ताटकळण्यापेक्षा नागपूरहूनच सुटणारी गाडी धरा: हैदराबादला वंदे भारत, मुंबईला दुरांतो किंवा सेवाग्राम.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, त्याचं थोडं शुल्क असतं आणि जन्मदाखला जवळ लागतो. विमान चढता-उतरताना बाळाला पाजत राहा, गिळण्यामुळे कानाचे दडे सुटतात. पार्काचं तिकीट बहुधा उंचीवर असतं. वंडरलात ८५ सेंटीमीटरखालच्या मुलाला मोफत प्रवेश आहे, आणि बाळ साधारण पावणेदोन-दोन वर्षांचं होईपर्यंत त्या उंचीला पोचत नाही. पार्काला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: दूध पाजायला आणि डायपर बदलायला खोली कुठे आहे, बाळाचं जेवण आत नेता येतं का, प्रॅम भाड्याने मिळते का.

सहावं: आधी नागपुरातच एक चाचणी

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी अर्धा दिवस महाराजबाग किंवा गोरेवाड्याला जा. गोरेवाड्यात बसमधून सफारी आहे, तिथे बाळ बंद बसमध्ये किती वेळ शांत बसतं ते कळेल. बाजारगावच्या फन अँड फूड व्हिलेजला गेलात तर मोठ्या आवाजाला ते कसं वागतं तेही दिसेल. आवाजाने दचकून रडणारं बाळ वाईट नाही, त्याला अजून चार महिने द्या, एवढंच. या चाचणीत प्रॅम, गळ्यातला कॅरिअर, गरम पाण्याचा थर्मास, सगळं खरं सामान वापरा. न लागणारं काय ते लगेच उमगतं. बाळाला या दिवसात जे कपडे पुरले तेच प्रवासालाही पुरतील, फक्त नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटेच्या गारठ्यासाठी एक टोपरं आणि जाड दुपटं वाढवा.

सातवं: पार्कातला दिवस

पार्क उघडायच्या वेळी दारात असा आणि दुपारी दोन-अडीचला बाहेर पडा. तेवढ्या वेळात तान्ह्याला जे सोसतं ते सगळं होतं. एक जण बाळाजवळ सावलीत, दुसरा राइडवर, मग अदलाबदल. रांगेतल्या कर्मचाऱ्याला आधीच विचारा, दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतात का.

प्रॅमवर पांघरूण टाकून सावली करायची सवय बऱ्याच घरांत दिसते. ती मोडा. आत हवा कोंडते आणि बघता बघता बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. छत्री लावा, नाहीतर प्रॅमच सावलीत फिरवा. हात घालून मानेमागचा भाग बघत राहा: तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. वातानुकूलित सभागृहातून एकदम उन्हात येताना दाराशी पाच मिनिटं थांबा. ढोल-ध्वनिक्षेपकांच्या मिरवणुकीत पुढच्या ओळीत उभं राहू नका.

डायपर किती बदलले याची मोबाइलवर नोंद ठेवा. नेहमीपेक्षा कमी ओले होत असतील तर जास्त वेळा पाजा, आणि त्या दिवशी लवकर परता.

परत आल्यावर

घरी पोचल्यावरचा दिवस कुणालाही बोलावू नका, बाळाला नेहमीच्या वेळेला न्हाऊ-माखू घालून झोपू द्या. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, सततचा खोकला किंवा पुरळ दिसलं तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात, कोणत्या तारखेला आणि शेवटची लस कधी दिली, हे तिन्ही सांगा. लसीकरणाचं कार्ड बॅगेतून काढून त्याच्या नेहमीच्या जागी ठेवण्याआधी त्यावरची पुढची तारीख बघून घ्या.